कुणाची कोण?

'आपण कुणापैकी?' कुलसंमेलनाच्या दाराशी हा प्रश्न चुकत नाही. नाव, गाव, नोकरीधंदा सगळं नंतर. मे महिना होता, संमेलन बायकोच्या माहेरचं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भक्तनिवासात. नोंदणीच्या टेबलावरच्या काकांनी कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ उघडला, बोट फिरवत फिरवत सासऱ्यांच्या नावापाशी आणलं आणि तिथून त्यांच्या लेकीपाशी. तिच्या नावापुढे माझं नाव, गाव, शिक्षण एवढं छापलेलं. पुढे काही नाही. कुलवृत्तांतात लेकीची फांदी तिथेच संपते. माझ्या बिल्ल्यावर 'शाखा' आणि 'पिढी' या दोन्ही रकान्यांत काकांनी आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'जावई'.

अशा मांडवात 'कुल' हा शब्द सोवळ्यातल्या संस्कृत रूपात मिरवतो. त्याचं घरगुती रूप 'कूळ', आणि कोकणात ते जरा जपूनच उच्चारावं. कूळ म्हणजे घराणं, तसंच कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९४८चा कूळकायदा आणि त्यामागोमाग १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, यांमुळे खोतांच्या कितीतरी जमिनी कुळांच्या नावावर झाल्या. पत्रिकेवर 'कूळ-संमेलन' छापलं असतं तर भलतीच मंडळी जमली असती.

जावयाला रेघ, पण नव्या सुनेची गोष्ट वेगळी. तिला भेटणाऱ्या प्रत्येक माणसासाठी भाषेने नेमका शब्द राखून ठेवला आहे, आणि हे शब्द थक्क व्हावं इतके जुने आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात नवरीला सासरच्या चार नात्यांवर सत्ता गाजवण्याचा आशीर्वाद दिला आहे: श्वशुर, श्वश्रू, ननान्दृ, देवृ. म्हणजेच सासरा, सासू, नणंद, दीर. चारही शब्द त्या दिवशी चहाच्या रांगेत ऐकले. जाऊ त्या यादीत नाही, पण तीही तितकीच जुनी. संस्कृत 'यातृ'ची ती जाऊ. 'यंत्रा'चं जातं झालं, तसाच इथेही 'य'चा 'ज'.

यांची भावकी थेट ग्रीसपर्यंत पोचते. इलियडच्या शेवटी हेक्टरच्या शवापाशी हेलन शोक करते, तेव्हा सासरी आपल्याला टोचून बोलणाऱ्यांची ती यादीच देते: दीर, नणंदा, जावा, सासू. (सासरा तेवढा बापासारखा मायाळू होता, हेही सांगायला विसरत नाही.) तिचे ग्रीक शब्द 'दाएर', 'गालोओस', 'एइनातेर' आणि 'हेकुरे'. नणंदेचा शब्द निराळ्या मुळाचा, पण बाकीचे तीन आपल्या दीर-जाऊ-सासूचे सख्खे भाऊबंद. बर्थोल्ड डेलब्रुक या जर्मन भाषापंडिताने १८८९ साली संस्कृत आणि ग्रीक ज्यात येतात त्या भाषाकुळातल्या नात्यांच्या नावांवर ग्रंथ लिहिला. लग्नाने जुळणाऱ्या नात्यांचे जुने, सामायिक शब्द जवळजवळ सगळे सुनेच्या बाजूचे आहेत, ही गोष्ट तेव्हापासून अभ्यासकांच्या ध्यानात आहे. साहजिकच आहे. घर सोडून अनोळखी माणसांत जाऊन राहायचं होतं ते तिला.

नणंदेवर मात्र संस्कृत वैयाकरणांनी चांगलाच राग काढला आहे. 'न नन्दति', कितीही करा, जी खूश होत नाही, ती ननान्दृ! आधुनिक भाषाशास्त्र इतकं कडवट नाही. बाळाच्या बोबड्या 'नना'सारखं काहीतरी त्यामागे असावं असं ते मानतं. मला जुनी व्युत्पत्ती खोटी वाटते, पण ती ज्याला सुचली त्याचं घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

गंमत अशी, की हे सगळे शब्द माणसाच्या पाठीमागे वापरायचे. 'अहो दीर' अशी हाक कुणी मारत नाही. तोंडावर ते भावोजी, नणंद ती वन्सं. सासरे मामंजी, आणि देशावरच्या कितीतरी घरांत सासू म्हणजे आत्याबाई. मामा आणि आत्या? नवऱ्याचे आईवडील आपले मामा-आत्या कसे?

उत्तर दक्षिणेकडे आहे. कानडीत 'माव' म्हणजे मामा आणि सासराही. 'अत्ते' म्हणजे आत्या आणि सासूही. मामाच्या किंवा आत्याच्या घरीच लग्न जमायचं असेल, तर दोन नात्यांना दोन शब्द कशाला हवेत? मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेकडची रीत असल्याची नोंद बौधायनाच्या धर्मसूत्रातही आहे. महाराष्ट्र या रिवाजाच्या सीमेवरचा मुलूख. मेहुणा-मेहुणी हे शब्दही तेच सांगतात. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या 'देशीनाममाले'त 'मेहुणिआ'चे दोन अर्थ दिले आहेत: बायकोची बहीण आणि मामाची मुलगी. मुळाशी 'मिथुन', म्हणजे जोडी. कुळधर्माला जेवायला सांगतात ते 'मेहुण'ही त्याच घरातलं.

कोकणस्थांत मामाची मुलगी करत नाहीत. तरी मामंजी त्यांच्या ओटीवरही झोपाळ्यावर बसलेले असतच. रिवाज घाटावर थांबला, हाक घाट उतरून आली. हल्ली सरसकट 'आई-बाबा' झालं आहे. त्यात माया असेल, पण दोन आया आणि दोन बाबा एकाच मांडवात बसले की कुणाला हाक मारली ते कळत नाही. मामंजी म्हटलं की एकच मान वळायची.

जावयाला मात्र हाक अशी नाहीच, पदवी आहे: 'जावईबापू'. सातारा-कोल्हापूरकडे तर सरळ 'पाव्हणं'. पाहुणा हा संस्कृतात 'प्राघूर्ण', हिंडत हिंडत आलेला. बिहारात, विशेषतः मिथिलेत, जावयाला 'पाहुन'च म्हणतात. सीतेचं माहेर मिथिलेचं, म्हणून तिथे खुद्द राम पाहुन. कितीही वर्षं झाली तरी जावई पाहुणाच.

बिल्ल्यावर रेघ असलेले आम्ही चौघे साडू जेवणानंतर एका कोपऱ्यात जमलो. साडू हा शब्द 'श्यालीवोढृ'वरून: 'श्याली' म्हणजे मेहुणी, 'वोढृ' म्हणजे वाहून नेणारा. विवाहातलाच 'वह्' धातू. मी हे समजावून सांगत होतो, इतक्यात टेम्पो आला आणि कुणीतरी हाक दिली, 'जावईबापू, खुर्च्या तेवढ्या वाहून द्याल का?'