ताजमधल्या सहाशे खाटा

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईत ज्या भव्य स्थानकात थांबते, त्याच्या बांधकामावर वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या हाताखाली रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते. पुढे जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर हॉटेल काढायचं ठरवलं, तेव्हा वैद्यांनीच डी. एन. मिर्झा यांच्यासोबत त्याचे आराखडे आखले. १९०० मध्ये मलेरियाने वैद्य गेले आणि उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं.

इमारत उलटी बांधली गेली म्हणून परदेशी वास्तुविशारदाने जीव दिला, ही कथा पर्यटकांना अजून ऐकवली जाते. गोष्ट रंगतदार, पण खोटी. मूळ दार शहराच्या अंगाला ठेवलं होतं ते जाणूनबुजून: घोडागाड्या तिकडून येत, आणि समुद्राचा वारा खोल्यांना मिळे.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडलं. पहिले पाहुणे अवघे सतरा. समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हताच. त्याची पायाभरणी १९१३ मधली.

पहिलं महायुद्ध पेटल्यावर मेसोपोटेमियातल्या जखमींना घेऊन जहाजं मुंबईला लागू लागली. त्या काळात ताजचं सहाशे खाटांचं इस्पितळ झालं. हे रूपांतर वाटतं तितकं अचाट नाही. वीज, लिफ्ट, धुलाईखाना, मोठा मुदपाकखाना, हवेशीर रुंद व्हरांडे, म्हणजे इस्पितळाला जे उभारायला वर्षं लागतात ते तिथे तयारच होतं. पाहुण्यांच्या जागी रुग्ण आले, एवढाच काय तो फरक!

युद्ध संपलं, हॉटेल पुन्हा हॉटेल झालं. तरी काहींसाठी ते घरच होतं. सरोजिनी नायडूंचा तिथे वर्षानुवर्षे मुक्काम असे. जिनांपासून वेगळ्या झालेल्या रत्तीबाईही १९२८ मध्ये तिथेच राहायला आल्या. दारात समुद्र आणि हाकेसरशी माणूस, ही सोय श्रीमंतांनी फार आधीच हेरली होती.

चेंबर्स यांच्याच दुसऱ्या हॉटेलाचं रूप मात्र कायमचं पालटलं. ताजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं, १९०९ चं मॅजेस्टिक हॉटेल स्वातंत्र्यानंतर सरकारकडे आलं आणि त्याचं आमदार निवास झालं. जिथे साहेबलोक उतरत, तिथे मतदारसंघातून कामं घेऊन आलेली माणसं आमदाराच्या खोलीत पथारी पसरू लागली. तळमजल्यावर सहकारी भांडार थाटलं.