सरहद्दीवरचे माहूर

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. इतिहासाच्या तासाला गुरुजींनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले ‘आपले’, उजवीकडे ‘परके’. एकेका मुलाने उठून एखाद्या राजाचे किंवा सरदाराचे नाव सांगायचे आणि गुरुजींनी ते योग्य रकान्यात लिहायचे, असा तो पाठ होता. माझी पाळी आली तेव्हा मी मलिक अंबरचे नाव घेतले. गुरुजींचा खडू फळ्यापाशी जाऊन थांबला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, धर्माने मुसलमान, पण जन्मभर मोगलांशी लढलेला आणि मराठा सरदारांना सोबत घेऊन लढलेला माणूस. त्याला लिहायचे कुठे? शेवटी ‘बस खाली’ म्हणून ते पुढच्या मुलाकडे वळले. गुरुजी मायाळू होते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण ती रेघ माझ्या मनावरून पुढे बरीच वर्षे पुसली गेली नाही. रेघेच्या कुठल्या बाजूला मी उभा राहायचे, हेच मला कळत नव्हते.

ती रेघ पुसायला मला माहूरच्या डोंगराने मदत केली. म्हणून मित्रहो, आज माहूरविषयी बोलतो.

नांदेडहून भोकर, किनवट करीत एस.टी. माहूरला पोचते. किनवट मागे पडले की सागाचे रान लागते आणि डोंगर अंगावर येऊ लागतात. गावाभोवती तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा आहे. नदीच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे आजचा यवतमाळ जिल्हा. दुसऱ्या अंगाला तेलंगणाचा आदिलाबाद. उत्तरेला कापसाची काळी जमीन, दक्षिणेला गोंडांचे जंगल आणि मध्ये हा डोंगर. जुन्या काळी वऱ्हाडातून तेलंगणात उतरणाऱ्या फौजेवर नजर ठेवायची तर माहूरचा किल्ला हाती असावा लागे. त्यामुळे दक्षिणेत जो जो राजा मोठा झाला, त्याचे लक्ष या गडाकडे गेले.

पंधराव्या शतकात अहमदशाह बहमनीने माहूर जिंकले. त्याच शतकात माळव्याचा सुलतान महमूद खलजी इथवर चालून आला. पुढे बहमनींचा वजीर महमूद गावान याने कारभाराची नवी घडी बसवताना वऱ्हाडचे दोन सुभे केले, एक गाविलगडचा आणि दुसरा माहूरचा. १४८१ मध्ये गावानचा वध झाला आणि बहमनी राज्य मोडत गेले. तेव्हा माहूरवर खुदावंदखान हबशी नावाचा सुभेदार होता. बहमनींच्या जागी पाच शाह्या आल्या. बिदरची बरीदशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही या तिघींनाही माहूर हवे होते. माहूर आणि पाथरीच्या भांडणात इमादशहाने १५२८ च्या सुमारास थेट गुजरातच्या बहादूरशहाला मदतीला बोलावले. १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही गिळली. १५९६ मध्ये अहमदनगर वाचवण्यासाठी चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले. म्हणजे दोनशे वर्षांच्या आत या डोंगरासाठी बिदर, माळवा, गुजरात, अहमदनगर, वऱ्हाड आणि दिल्ली अशा सहा ठिकाणचे सत्ताधीश धडपडले.

आता यातले ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण? फिरिश्ता या इतिहासकाराने एक गंमत नोंदवून ठेवली आहे. इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हा जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण. निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हाही मूळचा ब्राह्मण, आणि त्याच्या घराण्याचे गाव आपल्या परभणी जिल्ह्यातले पाथरी. पाथरीसाठी अहमदनगर इतके का भांडत होते, हे त्यावरून समजते. वाडवडिलांचे गाव होते ते. फौजांमध्ये हबशी होते, इराणी होते, दखनी मुसलमान होते, मराठे होते. हे सगळे एकमेकांविरुद्ध लढले, पण त्यांच्यातली फळी धर्माने पडलेली नव्हती.

मोगलांच्या काळात माहूरची देशमुखी आणि जहागीर उदाराम यांच्याकडे होती. उदाराम दखनी ब्राह्मण, आधी मलिक अंबरच्या पदरी, मग जहांगीर बादशहाचे मनसबदार. १६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून पळत सुटला. बऱ्हाणपूर सोडून तो माहूरला आला, हत्ती आणि जड सामान त्याने उदारामांच्या हवाली केले आणि तो कुतुबशाही मुलुखातून ओडिशाकडे निघून गेला. ज्याने पुढे ताजमहाल बांधला, त्याने पळता पळता आपला संसार या गडावर ठेवला होता.

याच घराण्यातल्या सावित्रीबाई. पती गेल्यावर त्यांनी जहागीर सांभाळली, तलवार हाती घेतली आणि औरंगजेबाकडून ‘रायबागन’ हा किताब मिळवला. रायबागन म्हणजे राजवाघीण. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगल फौजेला कोंडले, तेव्हा त्या फौजेत माहूरच्या या रायबागन होत्या. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाण्याचे हाल. खानाला शरण जाण्याचा सल्ला त्यांनी दिला. खानाने तो ऐकला आणि महाराजांनी खंडणी घेऊन फौजेला जिवंत जाऊ दिले. परमानंदांच्या शिवभारतात हा प्रसंग आला आहे.

शंभर वर्षांनी आपल्याच मराठवाड्यात याचे उलटे चित्र दिसते. लातूर जिल्ह्यातले उदगीर हेही बालाघाटच्या डोंगरावरचे, सरहद्दीचे गाव. ३ फेब्रुवारी १७६० ला तिथे सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. भाऊंचा तोफखाना इब्राहिमखान गारदी यांच्या हाती होता आणि खान त्याआधी निजामाच्याच चाकरीत होते. वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ ला, भाऊ पानिपतावर पडले. इब्राहिमखानही भाऊंची बाजू न सोडता मारले गेले. सहावीतल्या फळ्यावर गुरुजींना रायबागन आणि इब्राहिमखान अशी दोन नावे सांगितली असती, तर त्यांनी काय केले असते, असे मला अनेकदा वाटते.

मात्र यावरून तो काळ गुण्यागोविंदाचा होता, असे समजू नये. राजांची फळी धर्माने पडली नव्हती, तरी मार रयतेलाच बसला. लष्कर कुणाचेही असो, वैरण गावाची जाई. निशाण बदलले की पाटलाला नव्या दारात सलामाला जावे लागे. सरहद्दीवरच्या माणसाला निष्ठा ही चैन परवडत नाही. त्याला आधी जगावे लागते.

सरहद्द पुढेही हलत राहिली. अठराव्या शतकात वऱ्हाडासह माहूर निजामाकडे आले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा ही सीमा झाली. नदीच्या अलीकडचे माहूर निजामाच्या राज्यात राहिले. एकाच नदीचे पाणी पिणारे सोयरे दोन सरकारांची रयत झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा माहूरसह किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला. डोंगर जागचा हलला नाही, पण नकाशात त्याचा पत्ता बदलत गेला.

मी पहिल्यांदा माहूरला गेलो तो अब्बांचे बोट धरून, सोनापीर बाबांच्या दर्ग्याला. येताना अब्बांनी शेजारच्या काकूंसाठी रेणुकामातेचा तांबूल घेतला. पानसुपारी कुटून केलेल्या त्या विड्याचा वास एस.टी.भर दरवळत होता. काकूंनी तसे सांगून ठेवले होते आणि अब्बांना त्यात नवल वाटले नव्हते. एका डोंगरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया. महानुभावांचे देवदेवेश्वर इथलेच. राष्ट्रकूटकालीन लेणी इथलीच. वझऱ्याला शेख फरीदांचा दर्गा. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि आमची दखनी कानावर पडते. मी मराठीत कविता लिहितो याचे ज्यांना नवल वाटते, त्यांना मी एकदा माहूरच्या बाजारात न्यावे म्हणतो.

मागे एकदा गडाच्या हत्ती दरवाजात कॉलेजची काही मुले भेटली. माझी टोपी पाहून एकाने विचारले, ‘काका, हा किल्ला हिंदूंचा की मुसलमानांचा?’ मी त्याला दगडावर बसवून उदारामांची आणि रायबागन यांची गोष्ट सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली. मग म्हणाला, ‘म्हणजे ती बाई फितूर होती की शूर?’

पुन्हा दोन रकाने! मला हसू आले आणि गुरुजींची आठवणही झाली. मी म्हणालो, ‘बाळा, ती माहूरची होती. वर जा आणि बुरुजावरून नदी बघ. कुठून कुठून फौजा येत असतील ते बघ. मग तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते, ते ठरव.’

मुले वर गेली. बराच वेळ खाली आली नाहीत. मला शेवटची एस.टी. गाठायची होती, म्हणून मी निघालो. त्याने काय ठरवले, ते विचारायचे राहूनच गेले.