दुभाष्या आत आला तेव्हा

ओपन सोर्सचा इतिहास सांगताना बहुतेक लोक लिनक्सपाशी थांबतात. आज मला १९९६ सालच्या एका कामाबद्दल बोलायचंय. अपाचे या वेब सर्व्हरच्या पोटात त्या वर्षी पर्ल भाषेचा इंटरप्रिटर बसवला गेला. इंटरप्रिटर म्हणजे आपला दुभाष्या. प्रोग्रामरने लिहिलेली स्क्रिप्ट वाचायची आणि मशीनकडून ते काम करून घ्यायचं.

त्याआधी काय होतं? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर होता, आणि १९९३ मध्ये सीजीआय नावाची पद्धत आली. तयार फाइल पाठवणं सर्व्हरला जमायचं. फॉर्म, शोध, हिशेब आला की तो बाहेरच्या प्रोग्रामला हाक मारायचा. हा प्रोग्राम बऱ्याचदा लॅरी वॉल यांच्या पर्लमध्ये लिहिलेला असे.

मी आयुष्यभर फौजेत राहिलो, त्यामुळे मला हे असं दिसतं. गेटवर पाहुणा आला की बराकीतून जवान उठवायचा, कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफल काढून द्यायची, स्टँडिंग ऑर्डर पहिल्या ओळीपासून वाचायला लावायच्या आणि मग पाहुण्याला आत सोडायचं. लगेच रायफल जमा, जवान परत बराकीत. दुसरा पाहुणा आला की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला दहा पाहुणे असतील तर निभेल, मिनिटाला शंभर आले तर गेटबाहेर रांग लागेल. सीजीआयमध्ये प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस, नवा पर्ल, स्क्रिप्ट पुन्हा कंपाइल, आणि काम संपलं की सगळं पुसलेलं.

मॅकूल १९९४ मध्ये तिथून बाहेर पडले आणि सर्व्हरचं काम रखडलं. मग १९९५ मध्ये ब्रायन बेहलेंडॉर्फ आणि इतर काही जणांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या, तेच अपाचे. त्यात रॉबर्ट थाउ यांनी आतली रचनाच नव्याने मांडली. पत्ता शोधणं, परवानगी तपासणं, मजकूर देणं, नोंद करणं, अशा प्रत्येक टप्प्यावर बाहेरच्या मॉड्यूलला शिरता येईल असं दार त्यांनी ठेवलं. माझ्या मते या गोष्टीतला खरा मोठा माणूस हा. त्यांचं नाव मात्र क्वचितच ऐकू येतं.

त्या दारातून गिस्ले ओस यांनी पर्ल आत आणला आणि डग मॅकेकर्न यांनी ते काम पुढे वाढवलं. हे मॉड-पर्ल. आता जवान गेटवरच उभा, रायफल हातात, ऑर्डर तोंडपाठ. पानं कित्येक पटींनी लवकर येऊ लागली. पण मला वेगापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सर्व्हरच्या आत हात घालायला तोवर सी भाषा लागायची. आता आत कोणाला सोडायचं, नोंद कशी ठेवायची, हेही साध्या स्क्रिप्टमधून ठरवता येऊ लागलं. स्लॅशडॉटसारख्या गर्दीच्या साइट यावर चालल्या.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. एक मेमरीची. अपाचेच्या प्रत्येक प्रोसेसमध्ये आख्खा पर्ल, त्यामुळे साधं चित्र पाठवायलाही पूर्ण सज्ज जवान अडकायचा. म्हणून लोकांनी पुढे हलका सर्व्हर आणि मागे जड सर्व्हर अशी विभागणी केली.

दुसरी किंमत जास्त धोक्याची. जुन्या स्क्रिप्ट अशा समजुतीवर लिहिलेल्या होत्या की सुरुवातीला पाटी कोरी असते. आता प्रोसेस मरतच नव्हती. एखादं ग्लोबल व्हेरिएबल साफ करायचं राहिलं, की आधीच्या माणसाचं नाव किंवा लॉगिन पुढच्या माणसाच्या पानावर. त्यातही पाच प्रोसेस चालू असतील तर प्रत्येकीची आठवण वेगळी, म्हणून पान एकदा बरोबर येई, एकदा चूक. तपासणारा हैराण! मग सर्व्हर एकाच प्रोसेसवर चालवून दोष पकडायचा. ठरावीक विनंत्यांनंतर प्रोसेस बदलायची सोय अपाचेत होतीच, म्हणजे आमची गार्ड बदली. तिने फुगत जाणारी मेमरी आटोक्यात राही, पण दोन बदल्यांच्या मधली गडबड थांबत नसे.

रासमुस लेर्डोर्फ यांची पीएचपीही अशीच अपाचेच्या आत बसली, पण विनंती संपली की ती आपली व्हेरिएबल्स पुसून टाकते. एका मशीनवर शेकडो अनोळखी लोकांच्या साइट ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्यांना हा विसराळूपणा सोयीचा होता, आणि मॉड-पर्लला पीएचपीने मागे टाकलं त्यात याचा वाटा मोठा, असं मला वाटतं. पुढे यिचुन झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनजिनएक्स सर्व्हरमध्ये ब्राझीलची लुआ भाषा बसवली. तिथे प्रत्येक विनंती स्वतःच्या वेगळ्या कोरूटीनमध्ये चालते. दुभाष्या तोच, पण पाहुण्यागणिक वही निराळी.