भारतातील तंत्रज्ञान हस्तांतरण करार आणि वकिलाची बदलती भूमिका : एक ऐतिहासिक आढावा (१८५६ ते २०२१)

प्रस्तावना

भारतातील बौद्धिक संपदेचा इतिहास बहुधा संशोधक, औषध कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटी यांच्या अंगाने लिहिला जातो. एखादे तंत्रज्ञान ज्या दस्तऐवजाद्वारे एका हातातून दुसऱ्या हाती जाते तो करार आणि त्या कराराचा मसुदा तयार करणारा वकील हे दोन्ही या इतिहासात दुर्लक्षित राहिले आहेत. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या वाटचालीचा तीन टप्प्यांत आढावा घेतला आहे. भारतात तंत्रज्ञानाचा करार हा केव्हाही केवळ दोन पक्षांमधील खाजगी व्यवहार नव्हता. करार जेथे मूक असतो किंवा मर्यादा ओलांडतो, तेथे कायदाच बोलतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला टप्पा : नोंदणीचा काळ (१८५६ ते १९७०)

भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्याच वर्षी कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी विशेषाधिकाराचा अर्ज केला. ब्रिटिश राजसत्तेची पूर्वसंमती नसल्यामुळे हा कायदा १८५७ मध्ये रद्द करावा लागला व १८५९ मध्ये नवा कायदा आला. पुढे १९११ च्या कायद्याने पेटंट प्रशासनाला स्थिर स्वरूप दिले. या काळात कायदेविषयक कामाचा मुख्य भाग अर्ज, तपशीलपत्र आणि नोंदणी यांपुरता मर्यादित होता.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती बक्षी टेकचंद समितीने आणि त्यानंतर न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी या व्यवस्थेचा अभ्यास केला. अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानुसार भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या मालकीची होती आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात प्रत्यक्ष वापरच होत नव्हता. हक्क नोंदला गेला, परंतु ज्ञान देशात आले नाही, हा या आकड्यांचा अर्थ होय.

दुसरा टप्पा : परवानगीचा काळ (१९७० ते १९९१)

पेटंट कायदा १९७० हा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अन्न व औषधे यांच्या बाबतीत पदार्थाला पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेला ते देण्याची तरतूद त्यात होती. तिची चर्चा पुष्कळ झाली. करारांच्या दृष्टीने मात्र कलम १४० अधिक महत्त्वाचे ठरते. परवाना घेणाऱ्याने इतर माल परवाना देणाऱ्याकडूनच विकत घ्यावा, अथवा दुसऱ्याचा माल वापरू नये, अशा अटी या कलमाने निरर्थक ठरविल्या. २००२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली. परवानाधारकाने केलेली सुधारणा केवळ मूळ मालकालाच परत देण्याची अट, पेटंटच्या वैधतेस आव्हान देण्यास मनाई करणारी अट आणि नको असलेले परवाने एकत्रितपणे लादणे यांनाही मज्जाव झाला.

याच काळात परकीय चलन नियमन कायदा १९७३ लागू झाला. परदेशी सहकार्याच्या करारातील रॉयल्टीचा दर, मुदत आणि रक्कम यांवर शासनाचे नियंत्रण होते. त्यामुळे वकिलाचे कौशल्य कलमांच्या रचनेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दिल्लीतील मंजुरीसाठी सादर करावयाच्या प्रस्तावात पणास लागत असे.

तिसरा टप्पा : कलमांचा काळ (१९९१ ते २०२१)

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अग्रक्रमाच्या उद्योगांना १ कोटी रुपयांपर्यंत एकरकमी मोबदला, तसेच देशांतर्गत विक्रीवर ५ टक्के व निर्यातीवर ८ टक्के रॉयल्टी या मर्यादेत आपोआप परवानगी दिली. डिसेंबर २००९ मध्ये या मर्यादाही उठविण्यात आल्या. जी सौदेबाजी पूर्वी शासन करीत असे, ती आता पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्यावर येऊन पडली.

संगणक प्रणालीमुळे कामाचे स्वरूप आणखी बदलले. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रणालीचा समावेश कॉपीराइट कायद्यातील साहित्यकृतींमध्ये झाला. १९९४ च्या दुरुस्तीनुसार, हक्क हस्तांतरणाच्या लेखात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. नोकरीच्या ओघात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. परंतु बाहेरच्या स्वतंत्र व्यावसायिकाकडून प्रणाली करून घेतल्यास केवळ पैसे दिल्याने मालकी मिळत नाही, त्यासाठी लेखी व स्वाक्षरीत हस्तांतरण लागते.

शब्दयोजनेचे आर्थिक परिणाम न्यायालयीन निर्णयांतून स्पष्ट झाले. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माध्यमावर साठविलेली तयार संगणक प्रणाली ही विक्रीकरासाठी 'माल' ठरविली. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस खटल्यात, प्रणालीची प्रत वापरण्यासाठी वा पुनर्विक्रीसाठी परदेशी पुरवठादारास दिलेला मोबदला कॉपीराइटच्या वापराची रॉयल्टी नव्हे, असा निर्णय झाला. परवान्याने ग्राहकाला नेमके काय दिले आणि काय दिले नाही, हे करारातील अटी वाचूनच न्यायालयाने ठरविले.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने

हा इतिहास महाविद्यालयांनाही लागू पडतो. उद्योगांशी होणारे सामंजस्य करार, प्रायोजित प्रकल्प आणि सल्लासेवा यांत संशोधनाची मालकी कोणाची, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. पेटंटसाठी अर्ज करण्याचा अधिकार मूळ संशोधकाचा अथवा त्याच्याकडून हक्क घेतलेल्याचा असतो. म्हणून संस्थेला संशोधकाकडून लेखी हस्तांतरण घ्यावे लागते. प्रयोगशाळेतील पेटंटबाहेरचे अनुभवजन्य ज्ञान तर कोणत्याही नोंदवहीत येत नाही. त्याचा मुख्य आधार गोपनीयतेचे कलम हाच असतो. सुधारणांचे कलम न वाचता स्वाक्षरी झाल्यास पुढील संशोधनाची वाटच दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते.

निष्कर्ष

नोंदणी, परवानगी आणि कलम असा हा प्रवास आहे. शासनाचे नियंत्रण सैल झाले, तरी त्यामागील प्रश्न संपला नाही. अय्यंगार अहवालाने ज्ञान देशात रुजते का, हे विचारले होते. आज तोच प्रश्न प्रत्येक कराराला विचारावा लागतो. पूर्वी दुर्बल पक्षाच्या वतीने शासन सौदा करीत असे. आता कलम १४० सारख्या मोजक्या तरतुदी सोडल्यास त्याचे रक्षण मसुद्याच्या गुणवत्तेवर अवलंबून आहे. त्यामुळे तंत्रज्ञान करारांचे वाचन हा केवळ विधी महाविद्यालयांचा विषय न राहता विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातही त्याला स्थान मिळणे आवश्यक आहे.