जपान महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ

जपान महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ हा महिलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये जपानचे प्रतिनिधित्व करणारा संघ आहे. संघाचे व्यवस्थापन जपान फुटबॉल असोसिएशनकडे असून तो आशियाई फुटबॉल महासंघाच्या स्पर्धांत खेळतो. 'नादेशिको जपान' या टोपणनावाने हा संघ ओळखला जातो. २०११ साली जर्मनीत झालेला महिला विश्वचषक त्याने जिंकला. फुटबॉलचा वरिष्ठ गटाचा विश्वचषक जिंकणारा, पुरुष व महिला मिळून, हा आशियातील पहिला संघ होय. २०१४ व २०१८ साली त्याने आशियाई चषकही पटकावला. २०२२ साली या चषकाच्या रक्षणासाठी संघ महाराष्ट्रात आला. पुणे व नवी मुंबई येथे झालेल्या या स्पर्धेत त्याला विश्वचषकाचा प्रवेश मिळाला, परंतु आशियाई विजेतेपद गमवावे लागले.

नाव व बोधचिन्ह

'नादेशिको' हे जपानमध्ये आढळणाऱ्या एका नाजूक गुलाबी रानफुलाचे नाव आहे. 'यामातो नादेशिको' या शब्दप्रयोगाने जपानी परंपरेतील आदर्श, सोशिक व शालीन स्त्रीचा निर्देश केला जातो. २००४ साली संघासाठी नाव सुचविण्याचे आवाहन लोकांना करण्यात आले आणि आलेल्या सूचनांमधून 'नादेशिको जपान' हे नाव निवडले गेले. शालीनतेचे प्रतीक मानले जाणारे फूल मैदानावर झुंजणाऱ्या स्त्रियांचे नाव झाल्यामुळे त्या शब्दाला एक नवी अर्थच्छटा मिळाली.

संघाचा पोशाख पुरुष संघाप्रमाणेच निळा आहे. असोसिएशनच्या बोधचिन्हावर जपानी पुराणकथांतील 'यातागारासु' हा तीन पायांचा कावळा आहे.

पार्श्वभूमी

फुटबॉल हा खेळ जपानमध्ये बाहेरून आला. ब्रिटिश नौदलातील अधिकारी आर्चिबाल्ड डग्लस यांनी १८७३ साली टोकियोतील नौदल शाळेत विद्यार्थ्यांना तो शिकविला, असे मानले जाते. जपान फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९२१ साली झाली. महिलांच्या खेळाला संघटित रूप येण्यास मात्र आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९७९ साली महिलांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र संघटना निर्माण झाली आणि १९८० साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. या स्पर्धेत एका बाजूस ११ ऐवजी ८ खेळाडू असत, प्रत्येक डाव २५ मिनिटांचा असे व चेंडूही नेहमीपेक्षा लहान वापरला जाई.

प्रारंभिक काळ

राष्ट्रीय संघाने आपला पहिला सामना ७ जून १९८१ रोजी हाँगकाँग येथील आशियाई स्पर्धेत चिनी तैपेईविरुद्ध खेळला व तो ०–१ असा गमावला. त्यानंतर थायलंडने त्याला २–० असे हरविले. इंडोनेशियाविरुद्धचा १–० हा त्याचा पहिला विजय ठरला. त्याच स्पर्धेत भारताने तिसरे स्थान मिळविले होते. १९७९ व १९८३ च्या आशियाई स्पर्धांत भारत उपविजेता होता, म्हणजेच त्या काळात भारतीय महिला संघाचे स्थान जपानच्या वर होते.

१९८९ साली जपानमध्ये ६ संघांची राष्ट्रीय महिला लीग सुरू झाली. तिच्यातील अनेक संघांना मोठ्या कंपन्यांचे पाठबळ होते. खेळाडूंना त्या कंपन्यांत नोकरी मिळे व कामाचे तास संपल्यावर सराव होत असे. १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकात जपानने तिन्ही सामने गमावले. त्यांतील स्वीडनविरुद्धचा पराभव ०–८ असा होता. १९९५ साली मात्र ब्राझीलला २–१ असे हरवून संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली.

घसरण व पुनरुत्थान

१९९० च्या दशकातील आर्थिक मंदीमुळे कंपन्यांनी खेळावरील खर्च आखडता घेतला. निक्को सिक्युरिटीज व फुजिता या कंपन्यांचे नावाजलेले महिला संघ दशकाच्या अखेरीस बंद पडले. याच सुमारास राष्ट्रीय संघ २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी पात्र ठरू शकला नाही.

एप्रिल २००४ मध्ये टोकियो येथे उत्तर कोरियावर ३–० असा विजय मिळवून संघाने अथेन्स ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळविला. या सामन्याने महिला फुटबॉलला जपानी जनतेत पुन्हा स्थान मिळाले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आला. त्या वेळी नोरिओ सासाकी हे प्रशिक्षक होते. शारीरिक उंची व ताकद यांत युरोपीय व अमेरिकी संघांच्या तुलनेत आपण कमी आहोत हे जाणून त्यांनी छोटे व वेगवान पास, चेंडूवरील ताबा आणि सामूहिक बचाव यांवर भर दिला. हीच पुढे संघाची ओळख बनली.

२०११ चा विश्वचषक

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये भूकंप व त्सुनामीने प्रचंड जीवितहानी झाली आणि फुकुशिमा येथील अणुऊर्जा केंद्रात दुर्घटना घडली. त्या केंद्राच्या मालक कंपनीचा 'तेपको मारीझे' हा महिला फुटबॉल संघ होता. दुर्घटनेनंतर त्याचे कामकाज थांबले. राष्ट्रीय संघातील बचावपटू आया सामेशिमा ही या संघाची खेळाडू होती.

विश्वचषक त्यानंतर साडेतीन महिन्यांनी सुरू झाला. यजमान व गतविजेत्या जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याआधी सासाकी यांनी खेळाडूंना आपत्तीची चित्रे दाखविली. कारिना मारुयामा हिने जादा वेळेत केलेल्या एकमेव गोलमुळे जपानने तो सामना जिंकला. उपांत्य फेरीत स्वीडनचा ३–१ असा पराभव झाला. १७ जुलै रोजी फ्रँकफर्ट येथील अंतिम सामन्यात अमेरिकेने दोनदा आघाडी घेतली व दोन्ही वेळा जपानने बरोबरी साधली. पहिला गोल आया मियामाचा, तर दुसरा ११७ व्या मिनिटाला कर्णधार होमारे सावा हिचा होता. पेनल्टी शूटआऊटमध्ये गोलरक्षक आयुमी काइहोरी हिच्या बचावामुळे जपान ३–१ असा विजयी झाला. निर्णायक पेनल्टी २० वर्षांच्या साकी कुमागाईने मारली.

सावा हिला ५ गोलसह सर्वाधिक गोल करणाऱ्या व सर्वोत्कृष्ट खेळाडूचे असे दोन्ही पुरस्कार मिळाले. जपान सरकारने संघाला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. एखाद्या व्यक्तीऐवजी संघाला हा पुरस्कार देण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढील वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये संघाला रौप्यपदक मिळाले. २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने जपानला ५–२ असे हरविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी संघ अपात्र ठरल्यानंतर आसाको ताकाकुरा या संघाच्या पहिल्या महिला प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या काळात २०१८ चा आशियाई चषक जिंकला गेला. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वीडनकडून उपांत्यपूर्व फेरीत पराभव झाल्यावर त्यांच्या जागी ऑक्टोबर २०२१ मध्ये फुतोशी इकेदा यांची नेमणूक झाली.

महाराष्ट्रातील आशियाई चषक, २०२२

इकेदा यांच्या कारकिर्दीतील पहिली मोठी स्पर्धा भारतात होती. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळातील या आशियाई चषकात प्रथमच १२ संघ होते. करोना साथीच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून सर्व सामने महाराष्ट्रातील तीन मैदानांवर ठेवण्यात आले. पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, मुंबईतील अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना आणि नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियम ही ती मैदाने होत. नेरूळचे मैदान पनवेल खाडीच्या अलीकडे असून खाडीपलीकडे पनवेल तालुक्यातील उलवे व गव्हाण हा परिसर आहे.

साथीची तिसरी लाट त्याच जानेवारीत वाढल्याने राज्यात क्रीडास्पर्धांना प्रेक्षकांविनाच परवानगी होती. त्यामुळे आशियातील सर्वोत्तम महिला संघ दारात येऊनही स्थानिक क्रीडारसिकांना, विशेषतः फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना, त्यांचा खेळ मैदानात बसून पाहता आला नाही.

ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती. उपांत्य फेरीत पोहोचणाऱ्या संघांना विश्वचषकात थेट प्रवेश मिळणार होता. जपानचे साखळी सामने पुण्यात झाले. त्याच्या सर्व सामन्यांचे निकाल पुढीलप्रमाणे :

२१ जानेवारी – म्यानमारविरुद्ध ५–० विजय
२४ जानेवारी – व्हिएतनामविरुद्ध ३–० विजय
२७ जानेवारी – दक्षिण कोरियाविरुद्ध १–१ बरोबरी
३० जानेवारी, उपांत्यपूर्व फेरी – थायलंडविरुद्ध ७–० विजय
३ फेब्रुवारी, उपांत्य फेरी – चीनविरुद्ध २–२ बरोबरी, पेनल्टी शूटआऊटमध्ये ३–४ पराभव

दक्षिण कोरियाविरुद्ध रिको उएकी हिने पहिल्याच मिनिटाला गोल केला, परंतु ८५ व्या मिनिटाला कोरियाने बरोबरी साधली. दोन्ही संघांचे प्रत्येकी ७ गुण झाले आणि गोलफरकाच्या आधारे जपान गटात पहिला आला. नेरूळ येथील उपांत्यपूर्व सामन्यात युइका सुगासावा हिने थायलंडविरुद्ध एकटीने ४ गोल केले. या विजयाने जपानचा विश्वचषकातील प्रवेश निश्चित झाला.

उपांत्य सामन्यात उएकीने २६ व्या मिनिटाला जपानला आघाडी मिळवून दिली. मध्यंतरानंतर लगेच चीनच्या वू चेंगशूने बरोबरी केली. जादा वेळेत, १०३ व्या मिनिटाला, उएकीने दुसरा गोल केला. सामना संपण्यास एक मिनिट असताना चीनची कर्णधार वांग शानशान हिने पुन्हा बरोबरी साधली व शूटआऊटमध्ये चीनने बाजी मारली. ६ फेब्रुवारीला नेरूळ येथील अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियावर ३–२ अशी मात करून नवव्यांदा चषक जिंकला.

यजमान भारताची माघार

या स्पर्धेत यजमान भारताचा प्रवास एका सामन्यातच संपला. २० जानेवारीला नेरूळ येथे इराणविरुद्ध त्याने ०–० अशी बरोबरी केली. २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यापूर्वी भारतीय चमूत करोनाचा संसर्ग पसरला. नियमानुसार आवश्यक असलेले किमान १३ खेळाडू उपलब्ध न झाल्याने सामना रद्द झाला. स्पर्धेच्या करोनाविषयक नियमांनुसार भारताने माघार घेतली असे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. त्यामुळे विश्वचषकात पोहोचण्याची भारताची संधीही त्याबरोबरच संपली.

गोव्यातील कुमारी संघ

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. जपानच्या कुमारी संघाचे सामने मडगावजवळील फातोर्डा येथे होते. गट फेरीत त्याने टांझानिया व कॅनडा यांना प्रत्येकी ४–० असे आणि फ्रान्सला २–० असे हरविले. उपांत्यपूर्व फेरीत मोमोको तानिकावा हिच्या गोलने जपानला आघाडी मिळाली होती, परंतु अखेरच्या मिनिटांत दोन गोल करून स्पेनने सामना २–१ असा जिंकला. स्पेन पुढे नेरूळ येथील अंतिम सामन्यात कोलंबियाला १–० असे हरवून विजेता झाला. तानिकावा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वरिष्ठ संघाकडून खेळली व ब्राझीलविरुद्ध भरपाई वेळेत तिने विजयी गोल केला.

कुमारी गटांतील सातत्य हे जपानी फुटबॉलचे वैशिष्ट्य आहे. १७ वर्षांखालील विश्वचषक २०१४ मध्ये व २० वर्षांखालील विश्वचषक २०१८ मध्ये जिंकून महिलांचे तिन्ही विश्वचषक मिळविणारा जपान हा पहिला देश ठरला.

२०२२ नंतर

महाराष्ट्रातील पराभवानंतर असोसिएशनने इकेदा यांना प्रशिक्षकपदी कायम ठेवले. २०२३ च्या विश्वचषकात जपानने गट फेरीत झांबियाला ५–०, कोस्टा रिकाला २–० आणि पुढे विजेत्या ठरलेल्या स्पेनला ४–० असे हरविले. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने जपानला २–१ असे पराभूत केले. महाराष्ट्रात खेळलेल्या चमूतील हिनाता मियाझावा हिने ५ गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा पुरस्कार मिळविला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेकडून हरला. डिसेंबर २०२४ मध्ये निल्स निल्सन हे या संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले.

दरम्यान, २०२१ साली जपानमध्ये ११ संघांची पहिली पूर्ण व्यावसायिक महिला लीग सुरू झाली होती. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या खेळाडूंच्या पिढीनंतर फुटबॉल हाच पूर्णवेळ पेशा असणारी पिढी तिच्यामुळे देशातच घडू लागली.

भारत व जपान

१९८१ साली भारताच्या मागे असलेल्या जपानने पुढील चार दशकांत मोठे अंतर निर्माण केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताश्कंद येथील ऑलिंपिक पात्रता सामन्यात जपानने भारताला ७–० असे हरविले. जुलै २०२५ मध्ये भारताने थायलंडवर त्याच्याच भूमीत २–१ असा विजय मिळवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळविला. ऑस्ट्रेलियातील त्या स्पर्धेच्या सोडतीत भारत व जपान एकाच गटात आले.

प्रमुख स्पर्धांतील कामगिरी

विश्वचषक : १९९१ ते २०२३ या सर्व ९ स्पर्धांत सहभाग, विजेता २०११, उपविजेता २०१५
ऑलिंपिक : रौप्यपदक २०१२, चौथे स्थान २००८
आशियाई चषक (२०२२ पर्यंत) : विजेता २०१४, २०१८, उपविजेता १९८६, १९९१, १९९५, २००१
आशियाई क्रीडास्पर्धा : सुवर्णपदक २०१०, २०१८ आणि २०२२ (प्रत्यक्ष आयोजन २०२३)