व्यसनाधीनता (कारणमीमांसा)

दारू, अफूजन्य पदार्थ, गांजा, झोपेच्या गोळ्या यांचे सेवन घर-नोकरी-प्रकृतीची वाताहत होत असूनही आवरता न येणे, ही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने आजाराची अवस्था होय. मन खंबीर नाही म्हणून माणूस पितो, हे घरोघरी ऐकू येणारे स्पष्टीकरण अपुरे आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू घेतात. तिच्या पूर्ण आहारी गेलेले सुमारे २.७ टक्के. बाकीचे सगळे खंबीर मनाचे असतील, असे मानणे कठीण.

दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते. मात्र ‘व्यसनाचे जनुक’ असे एकच काही नाही. उलट पूर्व आशियातील अनेकांत आढळणारा एक जनुकभेद रक्षणच करतो : दोन घोटांत चेहरा लाल होतो, मळमळते आणि पिणे आपोआप आवरते.

बालपणीचे आघात हे दुसरे मोठे कारण. फेलिटी व आंडा या संशोधकांनी १९९८ साली अमेरिकेत मांडलेल्या अभ्यासात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकी पुढे दारू व अमली पदार्थांची जोखीमही जास्त आढळली. नैराश्य, चिंताविकार आणि कोवळ्या वयातील सुरुवात यांनी ती आणखी वाढते.

सुरुवात कशी झाली आणि सुटत का नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. १९८०च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर अर्थात गर्द पसरली. पन्नीवर पूड ठेवून, खालून काडी लावून धूर ओढायचा. पहिले झुरके कुतूहलाचे किंवा मित्राच्या आग्रहाचे असत. पुढे डोस चुकला की ‘टर्की’ लागे : नाक-डोळे गळणे, हाडे फुटल्यासारखी दुखणे, जुलाब, झोप नाही. मग गर्दुल्ला मजेसाठी नव्हे, टर्की टाळण्यासाठी ओढू लागे. याच लाटेत, १९८६ साली पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले.

भवतालाचा प्रभाव व्हिएतनाम युद्धात लख्ख दिसला. तेथील अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचांतला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९७१ साली परतलेल्यांचा मागोवा संशोधक ली रॉबिन्स यांनी घेतला. व्यसनी झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले, आणि तेही निम्म्यांनी मायदेशी हेरॉइनची चव पुन्हा घेतलेली असताना. युद्ध, भीती, कंटाळा, स्वस्त माल, सोबतचे ओढणारे सगळे मागे राहिले होते. आपल्याकडचा रुग्ण केंद्रातून सुटतो तो बहुधा त्याच गल्लीत, त्याच मित्रांत जातो. तलफ उठायला ओळखीचा गुत्ता दिसणे पुरते.

उपलब्धता हे कारण सर्वांत उघड आणि म्हणून सर्वांत वादाचे. जनआंदोलनानंतर गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली. अवैध दारू व गुन्हे वाढल्याचे कारण देत राज्य शासनाने २०२१ साली चंद्रपुरातील बंदी उठवली.