तोरू दत्त आणि तिच्या मागे राहिलेले

इसवी सन १८७६ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या ‘एक्झामिनर’ साप्ताहिकाच्या कचेरीत संपादक मिंटो हे प्रकाशकांच्या नावाने बोटे मोडीत बसले होते. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने तो मंदीचा काळ; परीक्षणाला द्यावे असे एकही पुस्तक हाती येत नव्हते. इतक्यात टपालवाल्याने हिंदुस्थानचे शिक्के असलेले एक पातळसे पुडके आणून टाकले. आत नारिंगी वेष्टनाचे, कलकत्त्याजवळच्या भवानीपूर येथे छापलेले, प्रस्तावनासुद्धा नसलेले कवितांचे पुस्तक होते. मिंटोंनी ते शेजारी बसलेल्या एडमंड गॉस या तरुण टीकाकाराच्या हाती जवळजवळ कोंबले. फ्रेंच कवितांचे इंग्रजी अनुवाद, आणि अनुवादकर्त्याचे नाव तोरू दत्त. गॉस यांनी पुस्तक उघडले तो व्हिक्टर ह्यूगोच्या एका प्रभातगीताचा अनुवाद त्यांच्या दृष्टीस पडला, आणि तो वाचून आपण कसे थक्क झालो हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

परंतु ज्या अनुवादाने गॉस यांना मोहिनी घातली तो तोरूचा नव्हताच. तो तिची थोरली बहीण अरू हिचा होता, आणि अरूला जाऊन तेव्हा दोन वर्षे लोटली होती.

तोरू दत्त ही इंग्रजीत कविता लिहिणारी बंगाली मुलगी एकविसाव्या वर्षी वारली, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तिच्या मृत्यूपासून सुरू होते आणि मृत्यूपाशीच संपते. पण तोरू ही शोकाचा विषय होण्यापूर्वी स्वतः शोक करणारी होती, आणि तिचे बहुतेक सारे लेखन त्या शोकाच्या छायेत झाले, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही.

रामबागानचे दत्त हे कलकत्त्यातील सुविद्य घराणे. ज्यांनी पुढे बडोदे संस्थानाचे दिवाणपद भूषविले आणि १९०९ साली बडोद्यातच देह ठेवला, ते रमेशचंद्र दत्त याच घराण्यातले. तोरूचे वडील गोविनचंद्र हे सरकारी नोकरीत होते आणि स्वतः इंग्रजीत कविता करीत. १८६२ साली त्यांनी सहकुटुंब ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांना तीन मुले : अब्जू, अरू आणि तोरू. धाकटीचे नाव खरे पाहता ‘तरु’ असे आहे; बंगाली उच्चाराने त्याचे तोरू झाले आणि इंग्रजी लिपीतून ते तसेच सर्वत्र रूढ झाले. मुंबईत काढलेले एक वर्ष सोडले तर या मुलांचे सारे बालपण कलकत्त्यात, रामबागानच्या वाड्यात आणि बागमारीच्या बागेतील घरात गेले. १८६५ साली अब्जू चौदा वर्षांचा होऊन वारला. तोरू तेव्हा नऊ वर्षांची होती.

चार वर्षांनी, १८६९ मध्ये, गोविनचंद्र पत्नीला व दोन्ही मुलींना घेऊन युरोपला निघाले. समुद्रपर्यटन हीच जेथे मोठी गोष्ट, तेथे बंगाली मुलींनी फ्रान्समध्ये जाऊन शिकणे म्हणजे नवलच होते. दक्षिण फ्रान्समधील नीस येथे काही महिने त्या शाळेत गेल्या. त्यांनी पाहिलेली शाळा ती एवढीच. नंतर लंडन, आणि १८७१ पासून केंब्रिज. तेथे स्त्रियांसाठी चालणारी उच्च व्याख्याने दोघी ऐकत. तेथेच मेरी मार्टिन या समवयस्क इंग्रज मुलीशी तोरूची मैत्री जडली. १८७३ च्या उत्तरार्धात हे कुटुंब स्वदेशी परतले, आणि पुढच्याच वर्षी, २३ जुलै १८७४ रोजी, क्षयाने अरूचा बळी घेतला. तिचे वय वीस वर्षांचे होते.

दोघी बहिणींनी एक बेत केला होता. तोरूने कादंबरी लिहावयाची आणि अरूने तिच्यासाठी चित्रे काढावयाची. चित्रे राहिली. तोरूने मात्र लेखणी खाली ठेवली नाही. बहिणीच्या मृत्यूला पाच महिने होत नाहीत तोच, डिसेंबर १८७४ मध्ये, ‘बेंगॉल मॅगझिन’ मासिकात लकाँत द लील या फ्रेंच कवीवरचा तिचा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर पंधरा महिन्यांनी ते अनुवादांचे पुस्तक निघाले. त्यात अरूने केलेले आठ अनुवाद तिने आपल्या अनुवादांच्या मधोमध ठेवले आणि त्यांखाली अरूचे आद्याक्षर घातले. बहिणीच्या नावे वेगळे शोकगीत नाही, की काळी चौकट नाही. जिच्याबरोबर काम सुरू केले होते तिच्यासह ते पुरे करावयाचे, इतकेच. शोकाचा हा प्रकार मोठा संयमाचा आहे. गॉससारखा जाणता वाचकही पहिल्या दर्शनी फसला, यातच तोरूने बहिणीला कोणत्या पायरीवर बसविले होते ते कळून येते.

हा शोक जेथे उघड झाला ती जागा म्हणजे ‘बियांका’ ही तिची अपुरी इंग्रजी कादंबरी. एका स्पॅनिश मुलीची ही कथा अंत्यविधीच्या प्रसंगाने सुरू होते. नायिकेच्या बहिणीला मातीआड केले जात आहे. घरी आता एकुलती राहिलेली मुलगी आणि तिचा बाप. लेखिकेने देश बदलला, नावे बदलली, पण रामबागानच्या घरातील ती रिकामी जागा तिला बदलता आली नाही.

१८७५ च्या अखेरीस तोरूने वडिलांबरोबर संस्कृत शिकावयास प्रारंभ केला. बाप आणि मुलगी एकाच पंडितापाशी बसून शिकत. रामायण, महाभारत आणि विष्णुपुराण यांतील कथा तिने इंग्रजी काव्यात आणावयास घेतल्या त्या याच काळात. त्यांत सावित्री आहे, लक्ष्मण आहे, ध्रुव आहे, प्रल्हाद आहे, आणि सीतेवरची एक छोटीशी कविता आहे. या कवितेत खरे पाहता सीता थोडी आणि अंधाऱ्या खोलीत आईच्या तोंडून सीतेची कथा ऐकणारी तीन मुलेच अधिक. ती मुले कोण हे सांगण्याचे कारण नाही. पुन्हा तिघे मिळून आईजवळ कधी बसतील, असा प्रश्न करून कविता थांबते. बागमारीच्या सुरूच्या झाडावरची तिची सर्वांत प्रसिद्ध कविताही त्याच जातीची. ते झाड भव्य आहे म्हणून तिला प्रिय नव्हते. त्याच्या छायेत जी भावंडे खेळली ती आता नाहीत, म्हणून प्रिय होते.

१८७७ च्या वसंतापासून तिला अंथरूण सोडवेनासे झाले. त्याच वर्षी क्लारीस बादेर या फ्रेंच विदुषीशी तिचा पत्रव्यवहार जुळला होता. प्राचीन भारतातील स्त्रियांविषयी बादेर यांनी १८६४ साली लिहिलेल्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करण्याची परवानगी तोरूने मागितली आणि ती मोठ्या आनंदाने मिळाली. अनुवाद व्हावयाचा नव्हता. ३० ऑगस्ट १८७७ रोजी कलकत्त्यात तिचा अंत झाला. चर्च मिशनरी सोसायटीच्या दफनभूमीत भावंडांजवळ तिला ठेवण्यात आले.

यापुढची हकीकत गोविनचंद्रांची आहे. तीन मुलांना पोचवून आलेला हा माणूस तिच्या कागदपत्रांची पेटी उघडून बसला. त्यात ‘बियांका’ होती; ती १८७८ साली ‘बेंगॉल मॅगझिन’मध्ये क्रमशः आली. त्याच वर्षी अनुवादांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्यांनी काढली, आणि मूळ आवृत्तीत नसलेली प्रस्तावना व दोघी बहिणींचे एकत्र छायाचित्र तीत घातले. कागदांत एक संपूर्ण फ्रेंच कादंबरीही सापडली. ‘माद्‌म्वाझेल दार्व्हेर’ या तरुणीच्या दैनंदिनीच्या रूपाने लिहिलेली ती कादंबरी त्यांनी बादेर यांच्याकडे पाठविली. बादेर यांनी चरित्रपर प्रस्तावना जोडून १८७९ साली ती पॅरिसमध्ये प्रसिद्ध करविली. १८८० साली लंडनमध्ये अनुवादांची तिसरी आवृत्ती निघाली, आणि १८८२ साली गॉस यांच्या प्रस्तावनेसह पुराणकथांवरील कविता. दोन वर्षांनी गोविनचंद्र वारले. पाच वर्षांत तीन देशांतून मुलीचे चार ग्रंथ मार्गी लावणाऱ्या या बापाच्या शोकाचे वर्णन करावयास दुसरे काही सांगावे लागत नाही. ज्या माउलीच्या गोष्टी ऐकून ती मुले रडली, तिच्या शोकाला मात्र कोणत्याही प्रस्तावनेत जागा मिळाली नाही.

गॉस यांची ती प्रस्तावना पुढे इतकी गाजली की तोरूची कविता वाचण्यापूर्वी लोक तीच वाचू लागले. तिच्यातील कळवळा खरा आहे, यात शंका नाही. तोरूसाठी साहित्याच्या इतिहासात एक पान राखून ठेवले जाईल, अशी ग्वाही त्यांनी दिली. परंतु तो इतिहास त्यांच्या देशाच्या साहित्याचा, आणि तोरू ही त्यात परदेशातून आलेली एक नाजूक कळी. अकाली मृत्यूची दया आणि दूर देशाचे नवल, या दोन रंगांत तिचे चित्र रंगले. तिच्या वृत्तांतले दोष कोणते, गुण कोणते, अनुवादाची तिची दृष्टी काय, हे विचारण्याची गरज मग कोणाला वाटेना. एकवीस वर्षांची मुलगी गेली यापुढे पद्यातील उणीअधिक मात्रा कोण मोजणार?

महाराष्ट्रातील श्रोत्याला या ठिकाणी आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहणार नाहीत. तोरूच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८८३ च्या एप्रिलमध्ये, त्या याच कलकत्त्याहून अमेरिकेस जाण्यासाठी जहाजावर चढल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास, त्याच वयात, त्याच रोगाने गेल्या. त्यांच्या अस्थी पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या आणि तेथील स्मशानभूमीत त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यांचे पहिले चरित्र १८८८ साली कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी लिहिले. दोन्ही मुलींची आठवण प्रथम परक्या हातांनी जपली. मराठीत आनंदीबाईंचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले, तेव्हा त्या घरच्या माणसांत आल्या.

तोरूला घरचे माणूस मिळावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. हरिहर दास यांनी १९२१ साली तिचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली. पत्रे मेरी मार्टिनला लिहिलेली. तिने ती इतकी वर्षे जपून ठेवली होती आणि मागणी येताच स्वाधीन केली. या पत्रांतली तोरू कोणाचीही कळी नाही. तिला घोड्यांचा आणि मांजरांचा भारी लळा आहे, पुस्तकांच्या पेट्या विलायतेहून कधी येतील याची ती वाट पाहते, ताप आणि खोकला यांचा उल्लेख ती एका वाक्यात करून दुसऱ्या विषयाकडे वळते. गोऱ्या अपराध्यांना न्यायाधीश किती अल्प शिक्षा देतात याविषयी ती संतापाने लिहिते. एके ठिकाणी ती आपल्या देशबांधवांना इंग्रजांच्या तोंडी असलेला ‘नेटिव्ह’ हा शब्द वापरून गेली. मेरीने तिला हटकले. तोरूने उलट टपाली उत्तर दिले की तुझे म्हणणे रास्त आहे, यापुढे तो शब्द मी वापरणार नाही.

ती फ्रेंच कादंबरी इंग्रजीत येऊन भारतीय वाचकांच्या हाती सहजपणे पडावयास २००५ साल उजाडले. तो अनुवाद एन. कमला यांनी केला.